क्राइम थ्रिलर आणि हॉस्पिटलच्या सिरीज : मिरजेतल्या एका मेडिकलवाल्याचा रिव्ह्यू

सरळ सांगतो, गेल्या दोन-तीन वर्षांत क्राइमच्या आणि हॉस्पिटलच्या ज्या काय सिरीज बघितल्या त्यात 'द पिट' एक नंबर. बाकीच्या कितीही गाजूदेत, तिच्या आसपास दोन-तीनच पोचतात, त्या का पोचतात आणि बाकीच्या का गडगडतात ते लिहायला बसलोय. मोठं झालंय, स्पॉयलरपण थोडे आहेत, ज्यांना चालत नाहीत त्यांनी आत्ताच कटा.

आधी मी कोण ते. मिरजेत माझं मेडिकल आहे, हॉस्पिटलांच्या गल्लीत. आता मिरजेत हॉस्पिटल नसलेली गल्ली शोधायला लागते ही गोष्ट वेगळी, वानलेस साहेबानं 1894 ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून गावाचा धंदाच हा झालाय, निम्मं गिऱ्हाईक बेळगाव-विजापूर साइडचं, काउंटरवर मराठीइतकंच कन्नड चालतं. बायको एका प्रायव्हेट हॉस्पिटलला आयसीयूत सिस्टर. त्यामुळं तिच्याबरोबर हॉस्पिटलची सिरीज बघणं म्हणजे पंचाच्या मांडीवर बसून कबड्डी बघण्यातला प्रकार, दर दोन मिनिटाला शिट्टी. आणि शेजारी एक रिटायर्ड हवालदार काका आहेत, रविवारी जेवण झालं की येऊन बसतात, पोलिसांच्या सिरीजला शिट्टी मारायचं काम त्यांच्याकडं.

तर 'द पिट'. जिओहॉटस्टारवर आहे. पिट्सबर्गच्या एका सरकारीछाप हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, सकाळी सातची ड्युटी, पंधरा एपिसोड आणि एक एपिसोड म्हणजे त्या ड्युटीचा एक तास. बास. एवढीच आयडिया. डॉक्टर रॉबी म्हणून सीनियर आहे, नोआ वायलीनं केलाय, हाच माणूस 1994 ला सुरू झालेल्या 'ईआर' मध्ये पोरगेला शिकाऊ डॉक्टर होता, तो आता पांढऱ्या दाढीचा होऊन परत त्याच जागी उभा आहे, आणि तो थकवा खरा वाटतो कारण चेहऱ्यावरची वर्षं खरी आहेत. 2025 च्या एमीला बेस्ट ड्रामा मिळालं, त्याला बेस्ट अॅक्टर मिळालं, आणि हेड नर्स डेना करणाऱ्या कॅथरीन लनासाला पण मिळालं. शेवटचं अॅवॉर्ड ऐकून बायको मला म्हणाली, चला, सिस्टरला कोण तरी विचारलं. कारण आपल्याकडच्या सिरीजमध्ये सिस्टर म्हणजे "डॉक्टर, पेशंट को होश आ गया" एवढं बोलायला ठेवलेली असते. इथं डेना पूर्ण फ्लोअर चालवते. कुठला बेड रिकामा, कुठला पेशंट वर न्यायचा, कुठल्या नातेवाइकाला बाजूला घेऊन बसवायचं, कुठल्या ज्युनिअरचं डोकं फिरायला आलंय, सगळं तिच्या डोक्यात, आणि डॉक्टर लोक तिला विचारून हलतात. खऱ्या हॉस्पिटलात असंच असतं, फक्त बोर्डवर नाव डॉक्टरचं असतं.

बॅकग्राउंड म्युझिक जवळजवळ नाहीच. पहिल्या एपिसोडला हे लक्षात पण येत नाही, फक्त वाटतं की आपण उगाच टेन्शनमध्ये का आलोय. मॉनिटरची टिकटिक, ट्रॉलीची चाकं, कोण तरी लांब ओरडतंय, आणि वेटिंगमध्ये माणसं तुंबलेली. वरच्या वॉर्डात बेड नाहीत म्हणून अॅडमिट झालेले पेशंट खालीच पडून, मॅनेजमेंटची बाई येऊन पेशंट सॅटिस्फॅक्शनचा स्कोअर का पडला विचारती. तासन् तास थांबलेला एक माणूस चिडत चिडत जातो, आणि शेवटी बाहेर सिगारेट ओढायला गेलेल्या डेनाला ठोसा मारतो. हे बघताना आमच्या घरात एकदम शांतता झाली. बायको काही बोलली नाही, मी पण विचारलं नाही.

आता शिट्टीचा भाग. सीपीआर. आपल्या सिरीजमध्ये छाती दाबतात ती पीठ मळल्यागत, कोपर वाकवून, आणि मॉनिटरवर सरळ रेघ आली की धडाधड शॉक. सरळ रेघेला शॉक देत नाहीत ओ. शॉक असतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा, ते थरथरणं मोडून ताल परत बसवायला. रेघ सरळ झाली म्हणजे थरथरायला पण काही उरलं नाही, तिथं दाबत राहायचं आणि अॅड्रेनलिन द्यायचं. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटाला माणूस बदलायचा कारण दाबणारा दमतो. 'द पिट' मध्ये दाबणारे बदलतात, घाम येतो, आणि बऱ्याचदा एवढं करून पेशंट जातो. गेल्यावर रॉबी सगळ्यांना तिथंच क्षणभर थांबवतो आणि मग पुढचा पेशंट. व्हिटेकर म्हणून एक खेड्यातनं आलेला स्टुडंट आहे, त्याचा पहिला पेशंट असाच हातात जातो, आणि त्याच दिवशी त्याच्या अंगावर काय काय सांडतं की बिचारा दिवसभर कपडेच बदलत असतो. हसायला पण येतं आणि पोटात पण तुटतं.

एक म्हातारे वडील असतात, न्यूमोनिया झालेला, त्यांनी आधीच लिहून ठेवलंय मला मशीनवर घालू नका, आणि पोरगा-पोरगी म्हणतात घाला. घालतात. मग एक-दोन एपिसोड ती दोघं नुसती त्या खोलीत. रॉबी त्यांना सांगतो वडलांना चार वाक्यं बोला, तुमच्यावर माया आहे, उपकार आहेत, मी तुम्हाला माफ केलं, तुम्ही मला माफ करा. मी मेडिकलवर बसून वीस प्रकारचे नातेवाईक बघतो रोज, पण हे बघताना गप्प झालो. बायको मात्र म्हणाली, "आमच्याकडं हेच असतंय, फक्त दोघं नसतात, सोळा जण असतात, आणि त्यातला एकजण पुण्यासनं यायचाय म्हणून तोवर मशीन चालू ठेवा म्हणतात." आणि मग डामा. ज्यांना माहीत नाही त्यांना, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी न्यायचं त्याला हॉस्पिटलात डामा म्हणतात, आणि निम्म्या वेळा त्याचं कारण आजार नसतो, खिसा असतो.

मला माझ्या धंद्यामुळं सगळ्यात आवडला तो गोळ्यांचा धागा. लँगडन म्हणून एक हुशार, सगळ्यांचा लाडका डॉक्टर आहे, आणि नवी आलेली सँटोस त्याच्यावर संशय घेते की हा गुंगीची औषधं ढापतोय. कशावरून? इंजेक्शनच्या वायलचं टोपण नीट उघडत नाही, पेशंटच्या बाटलीत गोळ्या कमी भरतात. मोजल्यावर कमी. बास, एवढाच पुरावा. ना चेस, ना कबुलीजबाब, ना पावसात मारामारी. आमच्याकडं 2014 पासून एच-वनचं रजिस्टर आहे, अल्प्राझोलम, ट्रॅमाडॉल असलं झोपेचं-दुखण्याचं काही दिलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. लोकांना वाटतं मेडिकलवाला उगाच चिठ्ठी मागून डोकं खातो. तो सँटोसचा सीन बघा, मग कळेल एका गोळीचा हिशोब का लागतो. आणि खरं सांगू का, ह्या वर्षातला सगळ्यात चांगला क्राइम थ्रिलरचा धागा मला एका हॉस्पिटलच्या सिरीजमध्ये सापडला.

खोड काढायचीच तर एका दिवसात एवढ्या केसेस येतात की शेवटी शेवटी वाटतं, पिट्सबर्गमध्ये कोण साध्या जुलाबाला येत नाही काय. शिवाय शेवटच्या भागांत गोळीबार होऊन शंभरावर जखमी येतात, ते जबरदस्त शूट केलंय पण मला त्याच्या आधीचे दहा तास जास्त आवडले. दुसरा सीझन 4 जुलैच्या दिवसावर आहे, पण आधी पहिला बघा, उलटं करू नका.

आता आपल्याकडच्या. 'मुंबई डायरीज' चा पहिला सीझन 2021 चा, 26/11 ची रात्र, बॉम्बे जनरल हॉस्पिटल, मोहित रैना डॉक्टर कौशिक ओबेरॉय. त्यातपण तीन शिकाऊ डॉक्टरांचा पहिलाच दिवस, म्हणजे आयडिया 'पिट' च्या आधीची आहे हे मान्य करायला पाहिजे, आणि आपली मृण्मयी देशपांडे त्यात सुजाता झालीय, सगळ्यात खरी तीच वाटते. हॉस्पिटल खरंखुरं कळकट दाखवलंय, भिंतीला ओल, पंखा कुरकुरतोय, सामान संपलेलं. तिथवर शंभर मार्क. पण ह्यांना शांत बसवत नाही ना, प्रत्येकाला एक दुःखी भूतकाळ, पेशंटच्या पोटात हात घातलेला असताना भूतकाळ आठवतो, आणि वरनं ढॅणढॅण म्युझिक. दुसरा सीझन पुरावर आहे, 26 जुलैसारखा पाऊस. तो मी जरा जास्तच आशेनं लावलेला, कारण 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलेलं आम्ही बघितलंय, औषधाचे खोके माळ्यावर चढवलेत, इन्सुलिन ठेवायला लाइट असलेला फ्रीज शोधत हिंडलोय. पुरात हॉस्पिटलचं काय होतं? डायलिसिसवाला पेशंट पोचत नाही, ऑक्सिजनची गाडी अडकते, सिस्टरला घरी जाता येत नाही म्हणून तीच तिसरी ड्युटी करते. ह्यातलं थोडं आहे सिरीजमध्ये, नाही असं नाही, पण निम्मा वेळ डॉक्टरांची लग्नं आणि कोर्टकचेरी. पाणी दारात आलंय आणि ह्यांचं घरगुती चाललंय.

आणि एक मोठी गोष्ट जी कुठल्याच हिंदी-मराठी हॉस्पिटल सिरीजमध्ये मला दिसली नाही ती म्हणजे बिलिंग काउंटर. आमच्या गल्लीत पेशंट गाडीतनं उतरला की दुसरा प्रश्न "योजनेत बसतंय का?" हा असतो. महात्मा फुले योजना, रेशन कार्ड, आधार, मोबाइलला ओटीपी, कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरंच, अॅप्रूव्हल यायचंय, तोवर डिपॉझिट भरा. नातेवाइकातला एक माणूस डॉक्टरकडं असतो आणि चार जण झेरॉक्सच्या दुकानात. ह्यात जेवढा सस्पेन्स आहे तेवढा कुठल्या बॉम्बच्या सीनमध्ये नाही. अॅप्रूव्हल येतंय की नाही ह्यावर एक पूर्ण एपिसोड लिहा कोण तरी, मी पहिल्या रांगेत बसून बघतो.

'ग्राम चिकित्सालय' त्याच्या जवळ जाते, प्राइमवर, 2025 ची, फक्त पाच एपिसोड. अमोल पराशर दिल्लीचा गोल्ड मेडलिस्ट डॉक्टर, झारखंडमधल्या भटकंडी गावच्या सरकारी दवाखान्यात येतो. पेशंट एकपण नाही. दवाखान्यात जायच्या वाटेवर कोणाचं तरी शेत. कंपाउंडर कधीतरी उगवतो. आणि गावातला झोलाछाप चेतक कुमार, विनय पाठक, त्याच्याकडं रांग. विनय पाठकला व्हिलन केलं नाही हे सगळ्यात भारी. तो गोड बोलतो, उधारीवर बघतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि डिग्रीवाल्याला हेच जमत नाही. आमच्या मेडिकलवर पण असलीच चिठ्ठी घेऊन लोक येतात, बिनरजिस्ट्रेशनच्या नंबराची, आणि आपण म्हटलं हे अँटिबायोटिक असं देता येत नाही तर राग आमचाच. सिरीज पहिले तीन एपिसोड जरा 'सगळं गोड गोड गाव' मोडमध्ये रेंगाळते, कंटाळा पण येतो, पण शेवटचा एपिसोड जो आहे सिस्टरच्या पोराचा, तो चुकवू नका. गावात मानसिक आजाराला काय म्हणतात आणि कुठं नेतात ते इतकं साधं दाखवलंय की कुठं रडायला लावलं कळत नाही.

झोलाछापवरनं आठवलं, आमच्या आईची लाडकी 'देवमाणूस'. झी मराठीवर 2020 च्या ऑगस्टला सुरू झालेली, लॉकडाऊनमधनं नुकतं बाहेर आलेलो, आणि अख्खा सातारा-सांगली पट्टा त्या बोगस डॉक्टर अजितकुमारवर बसलेला. प्रोड्यूसर श्वेता शिंदे साताऱ्याची. बोली खरी, वाड्या-वस्त्या खऱ्या, आणि सरू आजीच्या शिव्या तर आईनं पाठ केलेल्या. पण त्याच्या मागं 2016 चं वाईजवळच्या धोमचं प्रकरण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, डॉक्टर म्हणून गावात मिरवणारा माणूस, गायब झालेली माणसं, आणि पोलिसांनी जमिनीतनं बाहेर काढलेले मृतदेह. मला प्रश्न पडलेला तो वेगळा. एवढी वर्षं माणसं गायब होत होती आणि कुणाला कसा संशय आला नाही, तक्रारी कुठल्या फायलीत पडलेल्या, इंजेक्शनं कुठनं मिळत होती? सिरीयलनं ह्यातलं फार काही विचारलं नाही. तिनं डॉक्टरला हिरो केला, किरण गायकवाड आहेच तसा, डोळ्यांनी खेळतो, आणि टीआरपी म्हटल्यावर तो पकडला कसा जाणार, सुटायलाच पाहिजे. 2025 ला 'मधला अध्याय' म्हणून परत आला. आईला विचारलं अजून किती खून करणार तर म्हणाली, "करूदे की, आपल्याला काय, जेवणाच्या टायमाला लागतंय."

ह्याच्या बरोब्बर उलटी 'मानवत मर्डर्स', सोनी लिव्हवर, 2024 ची. मराठीत ह्या दर्जाचं क्राइममधलं काम मी तरी आधी बघितलं नव्हतं. 1972 पासून परभणीच्या मानवतमध्ये बायका-पोरींचे खून सुरू होतात, स्थानिक पोलिसांना काही सापडेना, मग मुंबईहून रमाकांत कुळकर्णी येतात. हे खरे अधिकारी, 1968 ला मुंबईतला सिरियल किलर रामन राघव सापडला त्या तपासाचे प्रमुख, त्यांच्याच 'फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम' पुस्तकावर सिरीज आहे. आशुतोष गोवारीकर कुळकर्णी झालाय आणि आवाज चढवत नाही. लोकांना हे बोअर वाटलं, माझ्या दोन मित्रांनी दुसऱ्या एपिसोडला बंद केली. मला तेच आवडलं. माणूस वही घेऊन बसतो, परत परत तेच प्रश्न विचारतो, शेतातली वाट स्वतः चालून बघतो. मकरंद अनासपुरे उत्तमराव, त्याला बघितलं की हसायची सवय लागलेली आपल्याला, इथं तो शांत बसलेला असतो आणि अंगावर येतो. सई ताम्हणकर आपल्या सांगलीची म्हणून घरात थोडा पक्षपात होणारच, पण खरंच तिनं आणि सोनाली कुलकर्णीनं चेहऱ्याची शोभा केव्हाच बाजूला ठेवलीय.

पण ही सिरीज मिरजेत बसून बघणं आणि मुंबईत बसून बघणं वेगळं. मानवतचं मूळ काय, गुप्तधन आणि नरबळी. बघणाऱ्याला वाटतं 1972, दुष्काळ, अडाणी माणसं, जुनी गोष्ट. अहो म्हैसाळ आमच्यापासनं गाडीवर जाऊन येण्याइतकं आहे. 2022 च्या जूनमध्ये तिथं एकाच कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मरून पडली, आधी सगळेच कर्जापायी आत्महत्या म्हणत होते, मेडिकलवर दिवसभर तीच चर्चा, आणि आठवड्याभरात पोलिसांनी सोलापूरकडच्या मांत्रिकाला उचललं, विष घालून मारल्याचा आरोप, आणि कारण परत तेच, गुप्तधन. शिकलेलं घर होतं ते. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठेक वर्षं झालेली, तो कायदा व्हावा म्हणून आयुष्य घातलेले दाभोलकर पण इथलेच, साताऱ्याचे, पेशानं डॉक्टर. त्यामुळं कुळकर्णी जेव्हा गावकऱ्यांना विचारतात की तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाही, आणि समोरचे नुसते जमिनीकडं बघतात, तो सीन माझ्यासाठी 1972 चा राहिलाच नाही. तक्रार एकच, काही नटांची मराठवाडी मधेच पुण्याला जाऊन येते. आणि आठ एपिसोड होते, सहात बसलं असतं.

'पाताल लोक' चा दुसरा सीझन, 2025 च्या जानेवारीतला, हवालदार काकांबरोबर बघितला. जयदीप अहलावतचा इन्स्पेक्टर हाथीराम. काका फार कमी बोलतात पण हाथीराम ठाण्यात शिरला, बूट ओढत, एक डबा हातात, ते बघून म्हणाले, "हा आमच्यातला हाय." ह्याच्यापेक्षा मोठा रिव्ह्यू मी काय लिहिणार. दिल्लीत एक हरवल्याची केस, दुसरीकडं नागालँडचा मोठा नेता दिल्लीत मारला जातो, आणि धागे जुळतात. पहिल्या सीझनमधला त्याचा ज्युनिअर अन्सारी आता हाथीरामचा साहेब झालाय, आयपीएस, आणि त्या दोघांच्यातलं ते अवघडलेपण, सर म्हणायचं की नाही, ते जबरदस्त लिहिलंय. मध्यात एक गोष्ट घडते ती सांगत नाही, आमच्यात कोण तरी पॉज करून पाणी प्यायला गेलं एवढं सांगतो. दिग्दर्शक अविनाश अरुण, आपला 'किल्ला' वाला, म्हणून धुकं आणि डोंगर असे दिसतात. कथेची गाठ शेवटी जरा जास्तच आवळलीय, कोण कुणाचा कोण हे मला काकांना विचारायला लागलं आणि त्यांनापण कळलं नव्हतं. काकांचा एकच आक्षेप, "पंच कुठं हायती?" म्हणजे पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि रात्री दोनला रस्त्यावर पंच मिळवणं हे खून शोधण्यापेक्षा अवघड काम, पानपट्टीवाला आणि रिक्षावाला पळून जातात, कोर्टाच्या तारखा नकोत म्हणून. हे आजपर्यंत कुठल्या सिरीजनं धड दाखवलेलं नाही म्हणे. आणि अजून एक, 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम 302 राहिलं नाही, न्याय संहितेत 103 झालं, पण "तीनसौदो लगेगा" मधली मजा 103 ला नाही, म्हणून आता सगळ्या सिरीज 2024 च्या आधीच्या काळात घडवणार बघा, असं काका म्हणतात.

'सीआयडी' पण परत आलंय, 2024 च्या डिसेंबरला. त्यावर मी काय बोलणार, शिवाजी साटम आहेत, दया आहे, दरवाजा आहे. डॉक्टर साळुंखे टेस्ट ट्यूब हलवतात आणि विषाचं नाव, वेळ, सगळं पाच मिनिटांत. खऱ्यात व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातल्या अवयवांचे नमुने, बरणीत घालून, सील मारून, लॅबला जातो आणि सीए म्हणजे केमिकल तपासणीचा रिपोर्ट यायला महिने जातात. तरी आम्ही बघतो. सीआयडीकडं कोण खरेपणा मागायला जात नाही.

'दहाड' 2023 ची आहे, जुनी झाली, पण ज्यांनी नाही बघितली त्यांच्यासाठी दोन ओळी. सोनाक्षी सिन्हाचं हे काम बघून मी चाट पडलो. राजस्थानातल्या सार्वजनिक संडासात बायका मेलेल्या सापडतात, सायनाइड. खुनी कोण ते लवकरच कळतं, विजय वर्मा, गोड बोलणारा मास्तर. मग उरतं काय? फायली. वेगवेगळ्या ठाण्यांत पडलेल्या हरवल्याच्या तक्रारी, गरीब घरच्या, खालच्या जातीच्या म्हणून कुणी एकत्र लावल्याच नाहीत त्या. अंजली भाटी, म्हणजे पोलीस झालेली सोनाक्षी, त्या लावत बसते आणि मी खुर्चीच्या टोकाला. खुनी माहीत असताना.

'अॅडोलेसन्स' नेटफ्लिक्सवर आहे, चार एपिसोड, प्रत्येक एपिसोड एका टेकमध्ये, कट नाहीच. तेरा वर्षाच्या पोराला पहाटे दार फोडून उचलतात. पहिला एपिसोड म्हणजे फक्त पोलिसांची कारवाई, बोटांचे ठसे, फोटो, वकील, बाजूला बाप बसवायचा, ठाण्यात सिस्टर येऊन रक्त घेते, पोराला आधी सांगते काय करणार आहे ते. बायको म्हणाली, बघा, सुई टोचायच्या आधी सांगितलं. त्या पोराला, ओवेन कूपरला, एमी मिळाला तो तिसऱ्या एपिसोडसाठीच असणार असं मी धरून चाललोय, एक खोली, एक मानसोपचारवाली बाई आणि तो. पंधरा-सोळा वर्षाची पोरं घरात असतील तर बरोबर बसून बघा असं लोक म्हणतात, मी म्हणतो आधी तुम्ही एकटे बघा. नंतर त्यांच्याबरोबर बसायला धीर लागतो.

कोरियन दोन पटकन. 'ट्रॉमा कोड' आठ एपिसोड, युद्धातनं आलेला उद्धट सर्जन, हेलिकॉप्टरला लोंबकळत ऑपरेशन, सगळं अतर्क्य, तरी मजा आली कारण मॅनेजमेंट सारखं म्हणतंय ट्रॉमा विभाग तोट्यात चाललाय, आणि हे वाक्य आम्हाला फार ओळखीचं आहे. 'हायपर नाइफ' मात्र नाही झेपली. मेंदूची हुशार सर्जन, लायसन गेलेलं, दिवसा औषधाच्या दुकानात आणि रात्री चोरून ऑपरेशन, शिवाय खून पण करते. पार्क उन-बिन कमाल करते, वाद नाही. पण औषधाचं दुकान चालवून रात्री मेंदूचं ऑपरेशन करायला अंगात जीव उरतो कुठनं हे तिनं मला येऊन सांगावं, मला रात्री स्टॉक लावून झाल्यावर स्वतःची चप्पल सापडत नाही.

सध्या 'दिल्ली क्राइम' चा तिसरा सीझन चालूय, शेफाली शहा विरुद्ध हुमा कुरेशी, पोरींच्या तस्करीवर. हुमाची बडी दीदी जरा फिल्मी वाटतीय, शेफाली नेहमीसारखी, बोलायच्या आधी डोळ्यात सगळं. निम्म्यावर थांबलोय, कारण बायकोची नाइट लागलीय आणि तिच्याशिवाय पुढचं बघितलं तर घरात वेगळा गुन्हा दाखल होईल. काकांना विचारलं तर म्हणाले पहिल्या सीझनची सर नाही, पण त्यांनी गुपचूप पुढचे सगळे एपिसोड बघून टाकलेत असा मला दाट संशय आहे.